सातवी खाच

मी जाड आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला अवघडायला नको. धिप्पाड, भारदस्त, भरल्या अंगाचा असले शब्द माझ्या लग्नाच्या वेळी वापरून झालेत, त्यांचा उपयोग तेवढ्यापुरताच होता. नांदेडात एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. मी वर्गात शिरायच्या आधी पोरं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्यातलं एक नाव इतकं चपखल आहे की ठेवणाऱ्याला शोधून दोन मार्क जास्त द्यावेत असं वाटतं.

जाड माणूस कुठंही बसायच्या आधी खुर्चीकडं बघतो. प्लास्टिकची असली की मी "पाय मोकळे करतो" म्हणून उभा राहतो. लग्नात, सत्कारात, पालकसभेत, सगळीकडं माझे पाय मोकळेच असतात. ऑटोत बसलो की ऑटोवाला आरशातून मागं बघतो आणि तिसरं गिऱ्हाईक न घेता निघतो. जगातली प्रत्येक बसायची जागा दुसऱ्याच कुणाच्या मापानं केलेली आहे हे मला सातवीपासून कळून चुकलंय. मला आयुष्यात एक तरी जागा माझ्या अंगाच्या मापानं बसवलेली पाहिजे होती. बस, एवढंच.

तर एकोणचाळिसाव्या वर्षी मी स्पोर्ट बाइक घेतली. लाल. वाकून चालवायची, हँडल खाली आणि शेपूट वर असलेली. गल्लीत आणली तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "पोराला घेतली का?" पोरगा माझा तिसरीत आहे. बायकोनं ओवाळलं, कुंकू लावलं, आणि आत निघून गेली. ती काही बोलली नाही हे मी तिच्या चांगुलपणात धरलं.

गाडी उभी होती तोवर सुंदर दिसायची. मी बसलो की मागून खाली जायची आणि तोंड वर करायची. हेडलाइट आभाळात. समोरून येणारा ट्रकवाला संध्याकाळी सातलाच डिपर मारून शिव्या द्यायचा. वळणावर गाडी आत यायला मागायची नाही, आपली बाहेर बाहेर जायची. खड्ड्यात गेली की मागून 'ठक्क' आवाज यायचा आणि तो माझ्या कण्यातून थेट मानेत जायचा. ब्रेक दाबला की पुढून नाक घासायला निघायची. मी विज्ञानाचा मास्तर, मला काय झालंय ते समजत होतं. कंपनीनं स्प्रिंगा बसवल्यात पासष्ट-सत्तर किलोच्या माणसासाठी. मी काही पासष्ट किलोचा नव्हतो. पासष्ट मी आठवीत होतो.

यावर उपाय आहे, आणि तो माणूस लातूरला आहे, हेही मला माहीत होतं.

लातूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. म्हणजे बाक तिघांचा, त्यावर आम्ही दोघं. तिसरा बसायचाच नाही. माझ्या शेजारी बसून अर्धं अंग बाहेर लटकवत दहावी काढलेला हा माणूस. त्याच्या वडलांचं सायकलचं दुकान होतं, त्यानं त्याचं गॅरेज केलं. आज लातुरात भारी गाड्या असलेली पोरं त्याच्याकडं नंबर लावतात. उदगीर, निलंगा, बिदरहून गाड्या येतात. तो मला 'मास्तर' म्हणतो, मी त्याला 'मिस्त्री'. बारक्या अंगाचा, चष्मा कपाळावर, बोटं कायम काळी. एवढ्या वर्षांत माझ्या अंगावरून तो एकदाही हसला नव्हता. बाकीचे सगळे हसून झाले होते, काही तर माझ्या जेवणावळीत बसून. तो नाही. म्हणून तो माझा दोस्त होता, दुसरं काही कारण द्यायची गरज नाही.

पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यानं चहासुद्धा नंतर मागवला. "आधी वजन," म्हणाला. "अंदाज नक्को. हेल्मेट, जॅकेट, बूट, सगळ्यासकट."

घरचा काटा माझ्यापुढं हात टेकायचा, त्याच्यावर आकड्याऐवजी आडव्या रेघा यायच्या. मग आम्ही गॅरेजमागच्या ओळखीच्या आडतीत गेलो. तिथं सोयाबीनचे कट्टे मोजायचा मोठा काटा होता. मी हेल्मेट घालून काट्यावर चढलो. मापाडी म्हाताऱ्यानं आकड्याकडं बघितलं आणि जन्माच्या सवयीनं मोठ्यानं पुकारलं, "एकशे पंचवीस, बारदान जाता एकशे चोवीस." पोत्याचं वजन कापलं त्यानं माझं. आडतीत सगळे हसले, मीही हसलो. मिस्त्री हसला नाही. त्यानं गंभीरपणे म्हाताऱ्याला विचारलं, "चाचा, बारदानासकट बोला, मला सगळंच पायजे." तेव्हा मला त्याच्याबद्दल काय वाटलं ते आज लिहायलाही जड जातं.

मग त्यानं मला समजावलं. गाडी नुसती उभी असताना मागचा भाग जमिनीपासून किती उंच, आणि माणूस बसल्यावर किती, यातला फरक म्हणजे गाडीची 'बैठक'. इंग्रजीत त्याला दुसरा शब्द आहे, पण त्याच्या गॅरेजात बैठकच म्हणतात. मागं तीस-पस्तीस मिलिमीटर बैठक असावी. कमी असली तर गाडी उडते, जास्त असली तर गाडी खाली बसून तळाला आपटते. ही बैठक एकट्याला मोजता येत नाही. एकानं बसायचं, पाय पायदानावर, तोंड पुढं. एकानं गाडी सरळ धरायची. आणि एकानं मागं टेप लावायचा. गाडी एका गिऱ्हाइकानं धरली, मी बसलो, मिस्त्रीनं टेप लावला.

"बासष्ट," तो म्हणाला. "मास्तर, तू गाडीवर बसला न्हाईस, गाडी तुझ्याखाली बसली."

हे मात्र हसण्यासारखं होतं आणि आम्ही दोघंही हसलो.

मागच्या स्प्रिंगेखाली एक खाचांची रिंग असते. सात खाचा. पहिल्या खाचेवर स्प्रिंग सर्वांत ढिली, सातवीवर सर्वांत आवळलेली. कंपनीतून गाडी तिसरीवर येते. त्यानं टोक वळलेला पाना घेतला, आत हात घातला, करकर आवाज झाला. मी परत बसलो. त्यानं परत टेप लावला.

"सातवीवर घेतली. शेवटची. पंचावन्नच्या खाली येईना." उठला, हात पुसले. "स्प्रिंगच हलकी हाय यार तुझ्या वजनाला."

मी म्हणलं, जड स्प्रिंगा मागवतो. तो म्हणाला, मागव. मी पुण्याच्या एका दुकानातून मागवल्या, तीन नग, पुढच्या दोन आणि मागची एक, माझ्या वजनाच्या हिशोबानं गुंडाळलेल्या. बारदानासकट वजन सांगितलं. आल्या तेव्हा खोकं उघडून मी त्या हातात घेऊन बसलो होतो बराच वेळ. काळ्या, थंड, जाडजूड. माझ्यासाठी म्हणून कुणीतरी केलेली ती जगातली पहिली वस्तू होती. शिंप्यानं शिवलेली पँट सोडून, आणि शिंपीही कुरकुरत शिवतो.

रविवारी लातूरला गेलो. त्यानं गाडी आत घेतली, मला म्हणाला, "तीन तास लागतील, तू बाजारातून फिरून ये." मी फिरून आलो. गाडी तयार होती. बसलो. टेप लागला.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला आणि माझ्या नजरेला नजर न देता टेप गुंडाळला. "जड स्प्रिंगा घातल्या, सातवी खाच घेतली. याच्यापुढं माझ्या हातात काय न्हाई, मास्तर. वजनच तसं हाय तुझं."

नजर दिली नाही हे मला आज आठवतंय. त्या दिवशी मला वाटलं, दोस्ताला माझं वाईट वाटतंय.

परत येताना गाडी आधीपेक्षा जास्त खाली बसतेय असं वाटलं. चाकूर यायच्या आत दोनदा 'ठक्क' झालं. मी मनाला समजावलं, हा तुझा भास आहे. सातवी खाच आहे, जड स्प्रिंग आहे, दोष स्प्रिंगचा कसा असेल? उरलं कोण? मी.

पुढचे सहा-सात महिने मी काय केलं ते सांगतो. रात्रीची भाकरी बंद केली. शाळेत डबा न्यायचा सोडला. स्टाफरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाची भजी आली की फळ्यावर काहीतरी लिहायला वर्गात जायचो. सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जायचो आणि येताना भुकेनं डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. चिडका झालो. पोरगा समोर बसून तूपसाखर-चपाती खायचा तर त्याच्यावर खेकसायचो. आणि महिन्या-दीड महिन्यानं लातूरला जायचो, बसायचो, टेप लागायचा. "पंचेचाळीस." "त्रेचाळीस." म्हणजे कमी होत होतं थोडं. मला वाटायचं, अजून दहा किलो उतरलो की गाडी मला घेईल. गाडीनं मला पास करावं म्हणून मी परीक्षेला बसल्यासारखा उपाशी बसलो होतो.

मग अहमदपुरात पडलो.

एसटी स्टँडसमोर गतिरोधक आहे. वेग फार नव्हता. गतिरोधकावरून उतरताना मागची बाजू पार तळाला गेली, ठक्क झालं, हँडल हातातून निसटलं आणि मी भर दुपारी, पन्नास माणसांदेखत रस्त्यावर. गुडघा सोलला, कोपर सोललं. चार जण धावले. चांगली माणसं होती, मला उठवत होती. उठवता उठवता एक जण म्हणाला, "क्रेन बोलवा रे." बाकीचे हसले. मीही हसलो. हसलो याची मला आजही चीड येते.

रसवंतीत बसून मिस्त्रीला फोन केला. पडलो म्हणून सांगितलं.  तो म्हणाला, "लागलं का लई?" मी म्हणलं, न्हाई, पण घरी सांगू नकोस. म्हणाला, "न्हाई सांगत. मास्तर, एक बोलू? विकून टाक ती. तुझ्या अंगाची गाडी न्हाई ती."

घरी मी शाळेच्या पायऱ्यांवरून घसरलो म्हणून सांगितलं. आणि गाडी विकायची जाहिरात मोबाइलवर टाकली. जाहिरात लिहिताना 'सुस्थितीत' हा शब्द लिहिला आणि मला रडू आलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो, मोकळं सांगतो. गाडीसाठी नव्हतो रडत.

गिऱ्हाईक निलंग्याचं आलं. साखर कारखान्यात नोकरीला असलेला तिशीचा माणूस, अंगानं छडी. पंचावन्न किलो असेल, ओला करून मोजला तरी. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बसला. बसल्या बसल्या दोनदा अंग खाली-वर केलं.

"सर, काय बसलीय हो," तो म्हणाला. "माझ्यासाठीच सेट केल्यावानी."

मी म्हणलं, "तसं नसंल. ही कडक असंल तुम्हाला. जड स्प्रिंगा आहेत, सातव्या खाचेवर आहे."

तो उतरला. त्याला या गाड्यांतलं कळत होतं. चाकाजवळ उकिडवा बसला, मोबाइलची बॅटरी लावली आणि आत डोकं घातलं. उकिडवं बसून तिथं डोकं घालणं मला कधी जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी प्रयत्नही केला नव्हता. वर्गात पोरांना रोज सांगतो, दुसऱ्याचं रीडिंग उतरून घेऊ नका, स्वतः बघा. दोस्तानं सातवी म्हणलं, मी सातवी मानलं. कशाला बघू?

"सर, ही पहिल्या खाचेवर हाय."

"नीट बघा."

"नीटच बघायलोय. आन् स्प्रिंग कंपनीचीच हाय, हे बघा रंग. कुणी हात लावलेला दिसत न्हाई. म्हंजी लावला असंल तर उलटा. तिसरीची पहिली केलीय कुणीतरी."

त्यानं मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. मी बघितला. बोटांनी मोठा करून परत बघितला.  त्या माणसाला मी पाणी दिलं, विकायची नाही म्हणून सांगितलं, बसभाडं विचारलं. तो नाही म्हणाला आणि गेला. बिचारा नांदेडपर्यंत उगाच आला.

आत गेलो. बायको मेथी निवडत बसली होती. मी काहीही विचारलं नव्हतं. फक्त म्हणलं, "मिस्त्रीनं गाडी पहिल्या खाचेवर ठेवलीय. सात महिने मला खोटं सांगतोय."

तिचे हात थांबले नाहीत. "मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली.

माणसाला राग यायलाही आधी समजावं लागतं. मी उभाच.

"अहो, तुम्हाला काय माहीत लोक काय बोलतात ते. देगलूरच्या लग्नात तुम्ही गाडीवरून आलात तर मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या मावशीची सून व्हिडिओ काढत होती. मी तिथंच बसलेली होते. मला बघवत नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं? म्हणून तुम्ही स्प्रिंगा मागवल्या तेव्हा मी त्यांना फोन केला, भाऊ, ही गाडी अशी करा की हे कंटाळून विकतील. गाडीतच खोट आहे म्हणा. ते आधी नाही म्हणाले. मी रडले तेव्हा हो म्हणाले."

"गाडीत खोट आहे असं म्हणाला नाही तो," मी म्हणलं. "माझ्या अंगात खोट आहे म्हणाला."

"ते मला नाही माहीत."

"मी अहमदपुरात पडलो. पायऱ्यांवरून नाही. गाडीवरून."

आता तिचे हात थांबले. तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं, पँटीवरूनच.  मग जे बोलली त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पण वजन तर उतरलं ना तुमचं," ती म्हणाली. "सोळा किलो. डॉक्टर किती खूश झाले."

हे ती चांगल्या मनानं म्हणाली. मी तिच्याबरोबर चौदा वर्षं राहिलोय, चांगलं मन मला ओळखता येतं. त्या चांगल्या मनाचाच मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला. सोळा किलो मी लाजेनं उतरलो होतो. पुन्हा एकदा सांगतो, भुकेनं नाही, लाजेनं. आणि घरात ती लाज रोज ताटात वाढून कोण देत होतं तर हे दोघं.  तोंड उघडलं असतं तर आत झोपलेला पोरगा उठला असता.

रविवारपर्यंत थांबलो आणि लातूरला गेलो. त्याच गाडीवर, पहिल्याच खाचेवर, ठक्क ठक्क ऐकत. मुद्दाम. मी गेटातून आत आलो तेव्हा तो एका गाडीची चेन धूत होता. माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. बायकोचा फोन येऊन गेला असेल.

त्यानं आधी काही बोलायचं नाटक केलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहितो. आतल्या कपाटातून एक पुडकं आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. सोडलं तर माझ्या तीन स्प्रिंगा. त्यांना गंज चढू नये म्हणून तेल लावून ठेवलं होतं.

"ठेवल्या होत्या जपून," तो म्हणाला.

त्यानं त्या विकल्या असत्या तर बरं झालं असतं. चोर म्हणून चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. तेल लावून जपून ठेवलेल्या स्प्रिंगांना काय शिवी द्यायची?

"भाभी रडल्या, मास्तर. आपली भाभी रडली तर मी काय करू? मला वाटलं, एकदोनदा येशील, वैतागशील, विकशील. तू तर वजनच उतरवायला लागलास. मग मला तोंड उघडायला जागाच न्हाई उरली. तू पडलास त्या दिवशी सांगणार होतो. अल्लाशपथ सांगणार होतो."

"एक सांग," मी म्हणलं. "तिनं तुला गाडीत खोट आहे म्हणायला सांगितलं होतं. तू वजनावर का घातलंस?"

 तो बोटावरचं ग्रीस दुसऱ्या बोटानं पुसत राहिला.

"गाडीत खोट हाय म्हणलं असतं," तो शेवटी म्हणाला, "तर तू म्हणाला असतास, मग दुरुस्त कर. दुरुस्त झाली न्हाई तर माझ्याच्यानं झालं न्हाई, असं झालं असतं ना. पूर्ण लातूरला माहीत हाय, माझ्या हातून गाडी बसली न्हाई असं आजपर्यंत झालं न्हाई. ते मला म्हणवलं न्हाई यार. तोंडातून निघंना."

तर हे होतं. माझ्या बायकोला लोकांची लाज वाटली आणि या माणसाला स्वतःच्या हाताला नाव ठेवून घ्यायची लाज वाटली. दोघांच्या मधे एक अंग मोकळं पडलेलं होतं, माझं, त्याच्यावर सगळा दोष टाकून दोघंही निवांत झाले. जो माणूस कधी हसला नाही म्हणून मी त्याला दोस्त मानलं, त्यानं त्याच्या नावासाठी सात महिने मला माझ्याच अंगाचा तिटकारा करायला लावला. हसला असता तर परवडलं असतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते कसं असतं मला त्या गॅरेजात कळलं, आणि कापणाऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं हेही मी बघितलं. त्यानं मला फरक पडला नाही.

"बसव आता," मी म्हणलं.

"आँ?"

"स्प्रिंगा बसव. तुझ्याइतकं कुणाला येत नाही, हे खरंच आहे."

त्यानं दुसऱ्या सगळ्या गाड्या बाजूला लावल्या. मी या वेळी बाजारात फिरायला गेलो नाही. समोर स्टूल घेऊन बसलो, लोखंडी, माझ्या वजनाचं, आणि प्रत्येक नट बघितला. पुढच्या चाकाचे दोन्ही फोर्क उतरवले, जुन्या स्प्रिंगा काढल्या, नव्या घातल्या, तेल मापून ओतलं. मागची बदलली. मला वजन विचारलं. म्हणलं, एकशे नऊ, बारदानासकट. तो मान खाली घालून हिशोब करत राहिला. चौथी खाच घेतली, मला बसवलं, टेप लावला, परत उतरवलं, पाचवी घेतली, परत बसवलं. टेपचा आकडा तो बोलला नाही, टेप तसाच धरून माझ्याकडं फिरवला. तेहतीस.

नमस्कार-रामराम न करता निघालो.

आता गाडीचं सांगतो. लातूरच्या बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर मी गाडीला वाकवायच्या आधी ती वाकली. मी बघितलं तिकडं गेली. खड्डा आला, ती खाली गेली, थांबली, वर आली, जणू कुणी तळहातावर झेललं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, कुठंच ठक्क नाही. माळाकोळीच्या वळणांवर मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसत होतो आणि त्याच वेळी शिव्या देत होतो. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कशावर तरी बसलो होतो आणि माझं अंग मला जाणवत नव्हतं. हे एका दुपारचं काम होतं. एका दुपारचं. गाडी जितकी सुरेख चालत होती तितका मला त्या माणसाचा जास्त राग येत होता.

लोह्यात चहाला थांबलो आणि फोन वाजला. त्याचाच. उचलला.

"मास्तर," तो म्हणाला, "कशी चालली?"

आवाज बारीक होता, पण त्यात भूक होती. टेप काहीही म्हणो, मिस्त्रीला चालवणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय काम पुरं झालं असं वाटत नाही. त्याला एक वाक्य पाहिजे होतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं, खरं होतं आणि त्याचा त्याला हक्क होता.

"अजून खाली बसते," मी म्हणलं. "तुझ्याच्यानं न्हाई झालं."

 गॅरेजमधला कंप्रेसर ऐकू येत होता.

"तेहतीस आलं होतं ना मास्तर," तो म्हणाला. "परत आण. मी बघतो. परत आण तू."

मी फोन ठेवला. नंतर त्याचे बरेच फोन आले, महिनाभर येत होते, मग थांबले. बायकोकरवीही निरोप आला, एकदा गाडी दाखवा म्हणून. गाडी चोख आहे. मी रोज चालवतो, शाळेत नेतो, इस्लापूरला धबधब्यापर्यंत जाऊन आलो. लातूरला काम निघालं की मात्र एसटीनं जातो. मला तिच्यावर बसून एका वळणावरून जाताना त्यानं नुसतं बघितलं तरी त्याला कळेल.